उलटा धरलेला पेपर

सुनेला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी इस्त्रीवाल्या मावशींना साप्ताहिकाच्या कचेरीतून पत्र आलं. पत्र चार ओळींचं होतं. वर्षभराच्या गूढ शब्दकोड्याच्या स्पर्धेत तुम्ही पहिल्या आहात, पण तुमच्याविरुद्ध तक्रार आली आहे. गुरुवारी अकरा वाजता येऊन समोर कोडं सोडवून दाखवा. सोबत कुणी नसावं.

मावशींनी ते दोनदा वाचलं आणि गरम इस्त्रीखाली सपाट करून घडी केलेला शर्ट ठेवतात तसं फडताळात ठेवलं.

"आई, तक्रार कसली असेल हो?" सुनेने विचारलं.

"मी पेपर उलटा धरते, हीच. दुसरं काय असणार?"

आणि तेच होतं.

मावशींना बावन्नाव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नव्हती. सून लग्न होऊन आली तेव्हा तिची शिक्षिकेची परीक्षा राहिली होती. घरात टेबल एकच, इस्त्रीचं. अर्ध्यावर मावशींच्या चादरी, अर्ध्यावर सुनेची पुस्तकं. सून मोठ्याने वाचायची, ओळीवरून बोट फिरवायची. समोर उभ्या मावशी इस्त्री फिरवता फिरवता त्या बोटाकडे बघायच्या. वर्षभरात त्यांना अक्षरं लागली, पण लागली ती टेबलाच्या त्यांच्या बाजूने. म्हणजे उलटी. लिहायला सुनेने पुढे शेजारी बसवून शिकवलं, म्हणून लिहिणं सरळ. सरळ धरलेला पेपरही त्या वाचायच्या, पण खडे असलेल्या वाटेवरून अनवाणी चालल्यासारखं. उलटा धरला की सुसाट.

कोड्याचा नाद त्यातूनच लागला. साधं कोडं सरळ विचारतं, आपण सरळ उत्तर लिहितो. गूढ कोड्यातली ओळ लबाड असते. वरून एक गोष्ट सांगते, आत भलतीच लपवते. "विकता विकता गोंधळ उडाला, हाती काव्य आले" अशी ओळ आली की माणूस दुकानदार शोधत बसतो. मावशी म्हणायच्या, "कपडा हातात आला की आधी शिवण बघायची. ओळीलाही शिवण असते. एका बाजूला उत्तराचा सरळ अर्थ, दुसऱ्या बाजूला ते तयार करायची युक्ती. इथे शिवण 'उडाला'च्या पुढे. 'विकता'ची अक्षरं विस्कटली की 'कविता'. झालं!"

स्पर्धेत नुसती उत्तरं चालत नसत. प्रत्येक उत्तराची उकल स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवायची. वर्षाअखेर जो पहिला येईल, त्याने पुढे दर आठवड्याला 'उकल' हे सदर लिहायचं, कारण कोडी रचणाऱ्या मास्तरांना दोन्ही कामं झेपेनाशी झाली होती. मावशींना ते सदर हवं होतं. एवढं हवं की त्यांनी ते कुणाला बोलूनही दाखवलं नव्हतं. दुसरे आले होते वाचनालयात रोज बसणारे पेन्शनर. त्यांनी मावशींना तिथे रविवारी पेपर उलटा धरून बसलेलं पाहिलं आणि संपादकांना कळवलं, या बाईला वाचता येत नाही, सून सोडवते आणि सासू सही ठोकते.

गुरुवारी मावशी निघाल्या तर सूनही निघाली. एक मुलगी तिच्या कडेवर, दुसरी घरी बापाकडे.

"सोबत कुणी नको म्हटलंय ना?"

"मी बाहेर बाकावर बसेन. आत तुम्ही बघून घ्या."

आतल्या खोलीत संपादक होते, चष्मा कपाळावर चढवलेले मुद्रितशोधक होते आणि खुर्चीत पाय हलवत पेन्शनर. टेबलावर नव्या कोड्याची एक प्रत, चौकटी कोऱ्या. कोडं छापायचं होतं अजून, मास्तरांशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं.

"बसा मावशी," संपादक म्हणाले. "रागावू नका. तक्रार आली की बघावं लागतं."

"रागावले तर मी चटके देते. आज हातात इस्त्री नाही, घाबरू नका."

मुद्रितशोधक हसले. मावशींनी कागद घेतला आणि फिरवून उलटा केला.

"बघा! बघा!" पेन्शनर खुर्चीतून अर्धे उठले. "मी काय लिहिलं होतं?"

"ओरडू नका, बाहेर लेकरू झोपलंय," मावशी म्हणाल्या आणि खणखणीत वाचायला लागल्या. "आजच मचाणावर दडलाय, ढवळाढवळ करायला. तीन अक्षरं." क्षणभर थांबल्या. "चमचा."

"कसा?" संपादकांनी विचारलं.

"दडलाय म्हणजे त्याच शब्दांत लपलाय. 'आजच'मधला शेवटचा 'च' घ्या, 'मचाणा'तलं पुढचं 'मचा' घ्या. ढवळाढवळ करणारा तोच. काही खुर्चीतही बसलेले असतात."

पेन्शनरांनी पाय हलवायचे थांबवले.

पुढची ओळ मात्र अडली. "वेळेला आदराने हाक मारली, चिंताच पदरी पडली. तीन अक्षरं." मावशींनी ती दोनदा वाचली. घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. बाहेर बाकावर सून बसली होती, आणि आपण अडलो तर ती सोडवते हेच खरं ठरणार, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

"सुनेला बोलवायचं का?" पेन्शनर गोड आवाजात म्हणाले.

"तुम्हीच सांगा ना, दुसरे आलात म्हणे."

"घाई," पेन्शनर तोऱ्यात म्हणाले.

"घाई दोन अक्षरं, काका. मोजायचं तरी." मावशींनी कागदावर बोट दाबलं. "शिवण मधोमध आहे. चिंता हा सरळ अर्थ. मग वेळेला हाक मारायची. वेळ म्हणजे... काळ. आदराने हाक म्हणजे 'जी'. काळजी!"

मुद्रितशोधकांनी टेबलावर थाप मारली.

तिसरी ओळ होती, "जरा उलटे फिरा, सत्ता मिळेल." मावशी वाचता वाचताच म्हणाल्या, "राज. 'जरा' उलटं फिरवलं."

"कागद उलटा आहे म्हणून आयतं दिसलं!" पेन्शनर म्हणाले.

"मग तुम्हीही उलटा धरा. कुणी हात धरलाय का?"

"ते काही नाही. सरळ धरून वाचून दाखवा. चारचौघांसारखं."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. सरळ वाचता आलं असतं, थोडं अडखळत. दोन मिनिटांचा प्रश्न होता. मग म्हणाल्या, "येतं मला. पण नाही दाखवणार. कोडं सोडवायला बोलावलंत, सोडवलं. कागद कसा धरायचा याची स्पर्धा नव्हती."

संपादकांनी पेन्शनरांना चहाला म्हणून बाहेर पाठवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"सदर तुमचंच. यात वाद नाही. फक्त एक सुचवतो. तुमची सून शिक्षिका आहे. सदरावर तिचं नाव घालू या. लिहा तुम्हीच. इस्त्रीवालीने समजावून सांगितलेलं लोकांना पटायला वेळ लागतो, आणि हे उलट्या पेपरचं बाहेर गेलं तर हसू होईल."

"साहेब, मी लोकांचे कपडे इस्त्री करते, अंगात घालत नाही. आणि माझे दुसऱ्याच्या अंगात घालत नाही."

"विचार करा. नाहीतर पेन्शनरांचा नंबर आहे."

"त्यांना द्या मग. घाईत तीन अक्षरं बसवून दाखवतील." मावशी उठल्या. गुडघा दुखला, पण तसं दाखवलं नाही.

बाहेर सुनेला सगळं सांगितलं तेव्हा ती बाकावरून ताडकन उठली. "माझं नाव? मला विचारलं तरी का त्यांनी? थांबा, मीच जाऊन सांगते."

"कशाला? मी नाही म्हटलंय. एका घरातून दोनदा नाही कशाला ऐकवायचं? चल, सव्वीस शर्ट पडलेत."

त्या आठवड्यात सदर आलं नाही, मावशींचं नाही आणि पेन्शनरांचंही नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. सून म्हणाली, जाऊ द्या आई. मावशींनी जाऊ दिलं नाही. त्या दर आठवड्याला सगळं कोडं सोडवून, प्रत्येक ओळीची उकल लिहून कचेरीत नेऊन देत. खाली लिहीत, "इस्त्रीवाली, स्वतःच्या हाताने." पाकीट मुद्रितशोधक घ्यायचे. ते ती पानं कचेरीत मोठ्याने वाचायचे आणि छपाईचे खिळे जुळवणारे जुळारीसुद्धा हातातलं काम टाकून ऐकायला यायचे. पाचव्या आठवड्यात संपादकांनी ती पानं जशीच्या तशी छापली. वर सदराचं नाव 'उकल', खाली 'इस्त्रीवाल्या मावशी'. छायाचित्र काढायला माणूस आला तेव्हा त्याने पेपर सरळ करायला सांगितला. मावशींनी तो तसाच धरला. छायाचित्र छापून आलं आणि हसणारे चार दिवस हसले.

पेन्शनर दर महिन्याला चूक काढणारं पत्र पाठवत. मावशी सदरातच उत्तर देत. त्यांनी काढलेली चूक दोनदा खरी निघाली, तेव्हा मावशींनी तेही छापलं.

पेन्शनर सदराच्या सातव्या वर्षी, ऑगस्टच्या तीन तारखेला वारले. इस्त्रीवाल्या मावशी नवव्या वर्षी, अकरा फेब्रुवारीला, मंगळवारी दुपारी वारल्या. तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या होत्या.