फुंकर मारा, कोरोना बघा!

"बाबा खोटा निघाला तर भर चौकात अर्धी मिशी उतरवीन!" शिंपी म्हणाला.

"आणि खरा निघाला तर मी गाढवावर बसून घरं रंगवीन," शेजारचा रंगारी म्हणाला. गल्लीत त्याला सगळे कुंचलाच म्हणत.

गोदामापुढे ही गर्दी! एकेकजण नळीने ग्लासात फुंकायचा आणि नितळ पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं.

"बघा, कोरोना बाहेर पडला!" श्वासबाबा गरजायचा. "दवाखान्यात मरतात, माझ्याकडे तरतात!" मग मंतरलेले चार थेंब टाकले की पाणी पुन्हा नितळ. टाळ्यांचा कडकडाट.

"एकच नळी सगळ्यांच्या तोंडात घालू नका," असं सांगायला सकाळी नर्सबाई आल्या होत्या. याच रांगेने दगड मारून त्यांचं कपाळ फोडलं होतं.

आता नंबर शिंप्याच्या बायकोचा. पाच दिवस ताप, दोन पावलांत धाप, ओठ निळसर. तिने कशीबशी फुंकर मारली. पाणी पांढरं, मग नितळ.

"बरी झाली! घरी न्या."

"अरे, वहिनीला दवाखान्यात ने!" कुंचला ओरडला.

"तू गप रे! बाबांनी काढला ना तो!"

कुंचल्याची नजर बाबाच्या बादलीवर गेली. पाण्यावर पातळ साय धरली होती. तीस वर्षं भिंतींना चुना फासलेला गडी तो, ही साय झोपेतही ओळखेल. त्याने बादलीत ग्लास बुचकळून खाली ठेवला आणि बाबावर झेप घेतली. चेल्याची काठी त्याच्या तोंडावर बसली, दात तुटला. तरी कुंचल्याने बाबाला खाली पाडून छातीवर गुडघा रोवला, नाक चिमटीत धरलं आणि नळीचं एक टोक ग्लासात सोडून दुसरं त्याच्या तोंडात कोंबलं. दम धरून धरून किती धरणार? बुडबुड! पाणी पांढरंफटक.

"आता बाबालाच कोरोना!" कुंचला रक्त थुंकत हसला. "अरे, ही चुन्याची निवळी! कोणीही फुंका, पांढरी होणारच. म्हशीने फुंकली तरी! आणि ते थेंब हुंगून बघा, साधा व्हिनेगर!"

लोकांनी हुंगलं आणि बाबावर लाथाबुक्क्यांचा पाऊस पडला.

"थांबा!" कुंचला मध्ये पडला. "सकाळी नर्सबाई, आता हा! त्याला पोलिसांत द्या. आधी वहिनीला उचला!"

शिंप्याने बायकोला खांद्यावर टाकलं आणि धूम ठोकली.

"ऑक्सिजन ब्याऐंशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत हातची गेली असती. तो विषाणू डोळ्यांना दिसत नाही हो! श्वासातून, थुंकीतून पसरतो आणि फुफ्फुसात ठाण मांडतो. ती नळी किती तोंडांत गेली?"

पुढच्या दहा दिवसांत रांगेतले अकराजण आजारी पडले. त्यांतला गोदामाचा म्हातारा वॉचमन गेला.

वहिनी घरी आली त्या दिवशी शिंपी आधी नर्सबाईंच्या पायाशी बसून रडला. मग चौकात खुर्ची टाकून न्हाव्याला म्हणाला, "उतरव."

अर्धी मिशी खाली पडली. पोरंटोरं खिदळली.

"मास्क लाव, झाकली जाईल," कुंचला तुटका दात दाखवत म्हणाला.

"मास्क लावीन, पण आज नाही. आज दुरूनच बघू दे सगळ्यांना," शिंपी ओरडला. "बघा रे, हे असं होतं! चमत्कार दिसला तर आधी बादलीत बघा. आणि धाप लागली तर बाबा नको, दवाखाना गाठा!"