तिसरी जाऊ

त्या घरात जावा दोनच होत्या, पण मोजताना तीन मोजायच्या. थोरली, धाकटी आणि तिसरी. तिसरी म्हणजे टेबलावरच्या लॅपटॉपमधली, गोष्टी लिहिणारी एआय. तिला गोष्ट सांगितली की ती गोष्टीत भर घालायची, संवाद लिहून द्यायची, कुठे दार वाजलं पाहिजे, कुठे भांडं पडलं पाहिजे तेही सुचवायची.

"हीच जाऊ बरी," सासूबाई म्हणायच्या. "स्वयंपाकघरात पाळी लावत नाही, माहेरी जात नाही, उलटून बोलत नाही."

"बोलते हो आई," धाकटी म्हणायची. "पण इतकं गोड बोलते की उलटून बोलली हे दुसऱ्या दिवशी कळतं."

तिघी मिळून ऐकायची मालिका करायच्या. दर आठवड्याला एक भाग. एका घराची गोष्ट, त्यात एक सासू, एक सून आणि भिंतीपलीकडच्या चार बायका. बस चालवणारे ऐकायचे, शिवणयंत्रावरच्या बायका ऐकायच्या, आणि सासूबाई तर कानात इअरफोन घालूनच बसायच्या. गोष्टीतली सासू झोपण्याआधी कुलूप पुन्हापुन्हा ओढून बघते, हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. "माझंच घर विकताय, तर निदान चांगल्या भावाला तरी विका!" शेजारणींना मात्र त्या अभिमानाने सांगायच्या, की यातलं सगळं आमच्याच घरचं.

कामाची एक रीत पडून गेली होती. दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता थोरली तिसरीला गोष्ट सांगायची. घरातलं, बाहेरचं, मनातलं, जे सुचेल ते. तिसरी त्यातून प्रवेश लिहायची. थोरली तो वाचायची, खोडायची, पानं छापून काढायची. आणि धाकटी? धाकटी पानं बघायचीच नाही. माईकसमोर बसल्यावर पहिल्यांदा तिच्या हातात पानं पडायची आणि ती सगळ्यांचे आवाज काढत वाचत सुटायची.

"पहिलं वाचन एकदाच मिळतं," ती म्हणायची. "पुढे काय आहे ते मला कळलं, की ते माझ्या आवाजाला कळतं."

"आणि काही भलतंच लिहिलेलं असलं तर?" थोरलीने एकदा विचारलं होतं.

"विहिरीत पाणी आहे हे कुणीतरी बघितलेलं असलं की पुरे, ताई. तू बघितलेलं असतंस. मी उडी मारते."

अशा जावा घरोघरी नसतात. म्हणूनच धाकटीने ती गोष्ट आधी थोरलीला सांगितली. वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला उभं राहून, हळू आवाजात. तिने दोन खोल्या घेतल्या होत्या. शिंप्याच्या दुकानावरच्या. भाडं ठरलं होतं, किल्ली पर्समध्ये होती.

थोरलीच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "भांडण झालं का गं कुणाशी?"

"भांडण झालं असतं तर सोपं होतं. ताई, मला एक दार हवंय. मी लावलं की लागलेलं राहील असं."

"भावोजींना माहीत आहे?"

"त्यांना? त्यांच्या तोंडात तीळ तरी भिजतो का? संध्याकाळच्या आत आईंच्या कानावर जाईल, तेही तिखटमीठ लावून. आईंना हे माझ्या तोंडून कळलं पाहिजे. माझ्या वेळेला. तोवर तू गप्प."

थोरली गप्प राहिली. नवऱ्याशी बोलली नाही, बहिणीशी बोलली नाही. पण घरातलं माणूस जाणार ही गोष्ट पोटात ठेवून घड्या घालणं सोपं नसतं. दुपारी खोलीत ती आणि तिसरी दोघीच होत्या. तिने सगळं सांगून टाकलं. धाकटी चालली, शिंप्याच्या वर राहणार, नवऱ्यालाही पत्ता नाही, आणि मी या घरात एकटी उरणार. तिसरीने दोन समजुतीचे शब्द सांगितले. थोरलीने डोळे पुसले. मग त्याच बैठकीत, त्याच सुरात, ती म्हणाली, "बरं, आपल्या सुनेचं पुढे काय होतं ते बघू या."

नेमक्या त्याच आठवड्यात ग्रंथालयाच्या बाईंनी बोलावणं पाठवलं होतं. वरच्या हॉलमध्ये, लोकांसमोर, एक भाग करून दाखवा. लोकांना बघू दे, आवाज कसे करतात ते. थोरलीची तारांबळ उडाली. खडीचा ट्रे, फळीवर ठोकलेली जुनी कडी, पत्रा, घंटी, किल्ल्यांचा जुडगा, सगळं गोळा करायचं. तिसरीने प्रवेश लिहून दिला. थोरलीने अर्धा वाचला. अर्धा इतका चांगला उतरला होता, की उरलेला तसाच असणार म्हणून तिने पानं छापून घेतली.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत मधोमध सासूबाई, शेजारी भावोजी. ग्रंथपालबाईंनी दोन शब्द सांगितले, धाकटीच्या हातात पानं दिली, आणि धाकटीने सुरुवात केली.

थोरली बाजूच्या टेबलाशी होती. तिच्याकडे पानांची दुसरी प्रत होती, आवाज कुठे करायचे ते तिसरीने समासात लिहिलेली. धाकटी सासूच्या आवाजात खेकसली, हॉल हसला. थोरलीने कडी वाजवली. धाकटी सुनेच्या आवाजात पुटपुटली, हॉल गप्प झाला. थोरलीने खडीवर पावलं वाजवली. सगळं सुरळीत चाललं होतं. पुढे कुठला आवाज लागेल, तो हाताशी घ्यावा म्हणून तिने सवयीने पुढची पानं चाळली.

समासात लिहिलं होतं, जिना चढण्याचा आवाज. किल्ली. कुलूप उघडतं. रिकामी खोली, आवाज घुमतो.

सुनेच्या गोष्टीत जिना कुठून आला? तिने ओळी वाचल्या. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पर्समधली किल्ली. 'नवऱ्याला सांगितलं नव्हतं, त्याच्या तोंडात तीळसुद्धा भिजत नाही.' त्याखाली दोन ओळी सोडून: 'सासूला वाटत होतं घर एक आहे. घरं केव्हाच दोन झाली होती.'

 ते पान यायला मध्ये दोनच पानं होती. धाकटी रंगात आली होती आणि रंगात आली की ती घोड्यासारखी धावायची.

माईक बंद करावा? हॉल लहान, आवाज तसाही सगळ्यांना जाईल. उठून पानं काढून घ्यावीत? मग काय म्हणून काढलीस, हे विचारायचं सासूबाई घरी जाईपर्यंत सोडणार नाहीत. तिच्या हाताशी फक्त आवाज होते. तिने घंटी वाजवली.

तिथे घंटी नव्हती. धाकटीने क्षणभर पानावर बघितलं, आणि लगेच सुनेच्या आवाजात म्हणाली, "कोण आहे? ... पेपरवाला का? उद्या या!" लोक हसले. धाकटीही हसली. पुढे गेली.

थोरलीने पत्रा हातातून सोडला. केवढा तरी खणखणाट झाला. मागच्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं. धाकटीने मान वळवली, थोरलीकडे रोखून बघितलं. थोरलीने ओठांनी म्हटलं, नको. पुढे नको. पण धाकटीच्या चेहऱ्यावर एवढंच होतं, की आज हिला झालंय काय.

"आमच्या शेजारणीचं घर पडलं वाटतं," धाकटी सासूच्या आवाजात म्हणाली. हॉल खदखदून हसला. भावोजी तर मांडीवर थाप मारून हसले. धाकटीने पान उलटलं.

"दुपारच्या वेळी ती एकटीच बाहेर पडली," ती वाचू लागली. "शिंप्याच्या दुकानावर..."

पहिल्यांदा वाचणाऱ्याचे डोळे जिभेच्या एक पाऊल पुढे असतात. जीभ शिंप्यापाशी होती, डोळे किल्लीपाशी पोचले. धाकटी थांबली.

एवढ्या लोकांत पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. सासूबाईंचा हात गळ्यातल्या साखळीवर होता, तो तिथेच राहिला. शिंप्याच्या वरच्या खोल्या गेला महिनाभर रिकाम्या आहेत हे त्यांना ठाऊक होतं, त्यांचे कपडे तोच शिवायचा. भावोजी अजून मघाच्याच विनोदावर हसत होते. धाकटीने थोरलीकडे बघितलं नाही. ते थोरलीला फार लागलं.

"...शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या होत्या," धाकटी म्हणाली. आता ती पान बघत नव्हती. "ती जिना चढली." थोरलीने खडीवर पावलं वाजवली. "तिने कुलूप उघडलं." थोरलीने कडी काढली. "आत कुणी नव्हतं. तिने खिडकी उघडून बघितली, भिंतीवर हात फिरवला. मग तिने कुलूप लावलं, खाली आली, आणि शिंप्याच्या हातात किल्ली ठेवून म्हणाली, 'नको.'"

थोरलीने जुडगा टेबलावर ठेवला. किल्ल्या नको इतका वेळ किणकिणत राहिल्या.

टाळ्या पडल्या. सासूबाई मागे वळून शेजारणीला म्हणाल्या, साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, "बघितलंत? किल्ली परत केली. घर मोडून कुणाचं भलं झालंय?"

मागच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. धाकटीने दार लावलं आणि पानं थोरलीच्या पुढ्यात टाकली.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही गं. तिसरीला फक्त. मन हलकं करायला. तिने ते गोष्टीत..."

"उघड."

थोरलीने पिशवीतला लॅपटॉप काढून उघडला. त्या दुपारची बैठक तशीच होती. रडणं, समजूत, मग सून, मग सगळा प्रवेश. आणि प्रवेशाच्या खाली, छापताना सुटलेल्या दोन ओळी. धाकटीने त्या मोठ्याने वाचल्या. " 'शिंप्याच्या वरच्या खोल्या आणि किल्ली हे तपशील तुमच्या जावेबद्दल सांगितलेल्या गोष्टीतून घेतले आहेत. ते खाजगी असतील तर बदलू का?' "

थोरलीने त्या ओळी स्वतः वाचून बघितल्या.

"तिने विचारलं," धाकटी म्हणाली. "तू मला विचारलं नाहीस."

"मी शेवटची पानं वाचली नाहीत. गडबड होती."

"मी डोळे मिटून उडी मारते, ताई. आणि तू बघितलंसुद्धा नाहीस?" तिचा आवाज चढला नाही, खाली गेला. "आता मी काय करू? भर हॉलमध्ये मी 'नको' म्हणाले. आईंनी टाळ्या वाजवल्या. उद्या मी गेले तर खोटी कोण ठरणार, गोष्टीतली सून?"

"थोडे दिवस जाऊ देत. मग..."

"म्हणजे तेवढे दिवस मी तुझ्या गोष्टीत राहू?"

धाकटीने पर्स उचलली आणि ती बाहेर गेली. थोरली मागोमाग. हॉलमध्ये खुर्च्या आवरल्या जात होत्या. सासूबाई अजून बसून होत्या, भावोजी त्यांची पाण्याची बाटली घेऊन उभे होते.

"आई," धाकटी त्यांच्यासमोर उभी राहिली, "गोष्टीतल्या बाईने किल्ली परत केली. मी नाही केली." तिने किल्ली काढून दाखवली.

"कसली किल्ली?" भावोजी म्हणाले.

सासूबाईंनी किल्लीकडे बघितलं नाही. "तू थांबलीस ना मघाशी, तेव्हाच समजले मी."

"मग टाळ्या कशाला वाजवल्यात?"

"म्हटलं, चारचौघांत बोलली आहे. बोललेलं पाळेल."

"नाही पाळणार."

भावोजींच्या हातातली बाटली खाली झाली. "कुणी मला सांगेल का काय चाललंय?" त्यांना कुणी सांगितलं नाही. सासूबाईंनी मान वळवली आणि थोरलीकडे बघितलं.

"तुला ठाऊक होतं."

"होतं."

"आणि मला सांगायचं सोडून त्या डबड्याला सांगितलंस."

"तुम्ही तिला अडवलं असतंत, आई."

"आणि तू?"

थोरलीला खोटं बोलता आलं असतं. पण धाकटी ऐकत होती, आणि आज एकदा तिचा गळा कापून झाला होता. "मलाही अडवायचं होतं," ती म्हणाली. "रोज. पानं वाचायला वेळ नव्हता असं नाही. ती गेली की सगळं मला एकटीला निस्तरायचंय, या रागात मी ती वाचलीच नाहीत."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. हे तिला नवीन होतं. थोरलीलाही, मोठ्याने म्हणेपर्यंत, नवीनच होतं. धाकटीने किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

"पुढच्या भागाची पानं मला आधी हवीत," ती म्हणाली. "सगळी. आणि तिकडे पाठव."

"तिकडे म्हणजे कुठे?" भावोजी म्हणाले. "अगं, तिकडे म्हणजे कुठे?"

धाकटी त्यांच्याकडे वळली. जे बोलणं तिला घरी, दार लावून, दोघांतच बोलायचं होतं, ते ती अर्ध्या आवरलेल्या खुर्च्यांमध्ये उभी राहून बोलू लागली. भावोजींच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. थोरली लांब उभी राहून ऐकत होती आणि तिला मध्ये एक शब्दही घालता येत नव्हता.

सासूबाई उठल्या. खुर्चीच्या पाठीला धरून जरा थांबल्या.

"जिना उंच आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"आहे," धाकटी म्हणाली.

 सासूबाईंनी भावोजींच्या हातातून बाटली घेतली आणि आधारासाठी हात पुढे केला. तो दोघींपैकी कुणी धरावा हे त्यांनी सांगितलं नाही, आणि दोघीही जागच्या हलल्या नाहीत.