अर्धा कप

परळच्या कारखान्यात गणपतींचे फोटो काढायला गेलो होतो. मालक हितेंद्रला मूर्तींच्या डोळ्यांची आखणी फोटोत स्पष्ट हवी होती. शेडमध्ये उजेड कमी, म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवला आणि एकेक फोटो दोन-दोन सेकंद शटर उघडं ठेवून घेतला. तरी सगळ्यांचे डोळे पुसटच आले.

हितेंद्रने लेन्सजवळ कान नेला. "काका, आत काहीतरी घरघरतंय."

माझाच मला राग आला. चाळीस वर्षं धंद्यात काढली आणि लेन्सवरचं स्टॅबिलायझरचं बटण चालूच ठेवलं. आपला हात हलला की ते आतली काच उलट सरकवून चित्र सावरतं. ट्रायपॉडवर सावरायला काहीच नसतं. तरी काही लेन्सा हलणं शोधत बसतात, आणि त्या नादात काच उगाच हलवतात.

"म्हणजे हीच हलवतेय?" हितेंद्र हसला. "कमाल आहे."

बटण बंद केलं. पुढचे फोटो लख्ख आले.

संध्याकाळी गिरगावात खोलीवर आलो, चहा टाकला. शेवटची सहा वर्षं माझ्या बायकोचे, सुचित्राचे, हात थरथरायचे. म्हणून तिचा कप मी अर्धाच भरायचो आणि ती पिताना खाली बशी धरायचो. ती गेली त्याला मार्चमध्ये वर्ष झालं.

चहा प्यायला बसलो. माझे हात अजून दगडासारखे स्थिर आहेत. तरी माझा कप अर्धाच भरलेला होता, आणि डाव्या हाताने मी त्याच्याखाली बशी धरली होती.

बशी कोरडी होती.