पाहुण्यांचा मान

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची कर म्हणजे कोंढा गावात घरोघरी मटन, आणि मटनासोबत 'ते' आलंच. निर्मलाबाई सकाळपासून पाट्यावर मसाला वाटत होती. तिचा धाकटा भाऊ जीवन दोन मित्रांना घेऊन येणार होता. बाटली तिनंच मागवली होती. नवऱ्यानं, जागेश्वरनं, दारू सोडून अकरा महिने झाले होते. पण पाहुण्यांनी काय पाप केलं?

जागेश्वरनं चप्पल घातली. "मी वावरात जाऊन येतो. ते गेले की येईन."

भंडाऱ्याच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक रुपा मॅडमनी त्याला हेच शिकवलं होतं. ओढ कशानं लागते ते ओळखा, आणि लागायच्या आधी तिथून उठा.

"घरधनी घरी नाई, तं माहा भाऊ काय म्हणन?" निर्मलाबाई म्हणाली. "तुमी पिऊ नका. नुसतं ओतून द्या."

त्यानं चप्पल काढली.

"भाऊजी, तुमी तं साधू झाले," त्याच्यापुढं ग्लास धरत जीवन म्हणाला. सगळे हसले. निर्मलाबाईही हसली, थोडीशी. उष्टे ग्लास घेऊन जागेश्वर मागच्या मोरीवर गेला, तो बराच वेळ आला नाही. पुढचे चार दिवस तो शुद्धीवर नव्हता.

"त्या दिवशी पिण्याआधी काय झालं?" केंद्रात रुपा मॅडमनी विचारलं.

"काई नाई. माहंच मन कच्चं," जागेश्वर खाली बघत म्हणाला.

तो आपल्याला झाकतोय हे शेजारी बसलेल्या निर्मलाबाईला कळलं, आणि तिनं झाकू दिलं. बसथांब्यापर्यंत गेली, मग एकटीच मागं फिरली. "मॅडम, ते निघाले होते. मीच बसवलं त्याइले."

मॅडम रागावल्या नाहीत. पाय घसरला म्हणजे वाट संपली नाही, म्हणाल्या. कुठं घसरला ते दोघांनी मिळून बघा. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, आली. जीवनचा फोन आला, "ताई, येऊन राहिलो आमी. सोय करून ठेवजो."

"मटन भेटन. दारू या घरात येणार नाई."

"मंग येऊन करू काय?"

"बहिणीले भेटजो."

तिकडून फोन बंद झाला. मंडईला गावभर सोयरे उतरले. यांच्या अंगणात कोणी नाही.

"माह्यापायी तुह्या भावानं पाठ फिरवली," जेवताना जागेश्वर म्हणाला.

"तुमच्यापायी नाई. त्या दिवशी तुमी उठले होते, मी मान सांभाळत बसली. तुमची माफी मागाची राहिली माही."

जागेश्वरनं शेजारी पाट सरकवून तिला जागा केली. ती बसली; पण नजर रिकाम्या अंगणाकडेच जात राहिली.