वरचे दोन दात

क्लॅरिनेट ओठांनी वाजतं असं लोकांना वाटतं. खरं तर ते दातांवर उभं असतं. खालचा ओठ दातांवर दुमडायचा, त्यावर वेताची पातळ पट्टी टेकवायची आणि वरचे पुढचे दोन दात थेट माउथपीसवर रोवायचे. मग फुंकायचं. आमच्या बँडमधली पहिली खुर्ची एकतीस वर्षं माझी होती, ती या दोन दातांच्या जोरावर. ते हलायला लागले तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि दुसरं कुठलंही काम मला येत नव्हतं.

त्याआधी नऊ-दहा वर्षं रक्त येत होतं. सकाळी ब्रश फिरवला की थुंकी लालसर. मी माझ्या अकलेने विचार केला, रक्त येतं म्हणजे जखम आहे, आणि जखमेला कोणी घासत नाही. म्हणून पुढच्या दातांना ब्रश लावणंच सोडलं. मागच्या दाढा लख्ख घासायचो आणि ज्या दातांवर पोट होतं ते तसेच ठेवायचो. मधे एकदा तालमीच्या खोलीत दात तपासायचं शिबिर झालं. सगळ्यांच्या हातात हिरड्यांच्या आजाराची माहिती छापलेला कागद दिला. तेव्हा मला वाचता येत नव्हतं. कागद मात्र छान पातळ होता. खालच्या दातांवर घडी करून ठेवायला आम्हा वाजवणाऱ्यांना असाच कागद लागतो, नाहीतर तासाभरात ओठ आतून सोलवटतो. मी त्याचे बारीक तुकडे केले आणि महिनाभर पुरवले. ओठ निळा कशाने झाला असं बायकोने विचारलं, तर म्हटलं, मला अक्षरं लागली.

मग तोंडाला वास यायला लागला. तो मला येत नव्हता, इतरांना येत होता. शेजारी बसणारा दुसरा क्लॅरिनेटवाला, ज्याला सगळे लांब्या म्हणतात, खुर्ची वीतभर दूर सरकवून बसू लागला. मला वाटलं, पोरगं पहिल्या खुर्चीचा मान ठेवतंय. घरी बायको भिंतीकडे तोंड करून झोपायची. मला वाटलं, वय झालं, आता कोण कोणाकडे बघतं.

त्या वर्षी शहरात नवं सभागृह उघडणार होतं आणि पहिल्याच दिवशी आमचा बँड वाजणार होता. सुरुवातीची चार मिनिटं मी एकट्याने वाजवायचं ठरलं होतं. कार्यक्रमाला सहा आठवडे राहिले असताना तालमीत एका वरच्या सुराला डावा दात मागे कलला. फट पडली, वारा निसटला, आणि सुराऐवजी चिरका आवाज आला. बँडच्या मास्तरांनी पुन्हा घ्यायला सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी काठी खाली ठेवली. बाकीचे आपापल्या वाद्यात काहीतरी शोधायला लागले. तालीम संपल्यावर मास्तरांनी मला जिन्यात गाठलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, दोन आठवडे बघतो, नाहीतर लांब्याला बसवावं लागेल.

डॉक्टरकडे जायचं माझ्या डोक्यात आलंच नाही असं नाही. पण डॉक्टर दात काढणार, एवढं मला पक्कं ठाऊक होतं, आणि दात काढला की मी संपलो. म्हणून मी वाद्याला जे करतो तेच दाताला केलं. क्लॅरिनेटचे तुकडे जिथे एकमेकांत बसतात तो सांधा सैल झाला, की आम्ही त्यावर मेण लावलेला दोरा गुंडाळतो. दोन वेढे दिले की सांधा घट्ट. मी आरशापुढे उभा राहून तोच दोरा हलणाऱ्या दाताभोवती फिरवला, शेजारच्या दाताला आवळला आणि गाठ मारली. डोळ्यांत पाणी आलं. पण दात हलेना.

पाच दिवस मी राजा होतो. सूर असा निघायचा की लांब्यासुद्धा वाजवायचं थांबून ऐकायचा. मास्तरांनी पाठीवर थाप मारली. सहाव्या दिवशी दोरा दिसेना. जेवताना गिळला असेल म्हणून मी नवा बांधला. तोही चार दिवसांत गेला. मी तिसरा बांधला. तोपर्यंत हिरडी जांभळी पडून फुगली होती, बोटाने दाबली की पू यायचा, आणि अर्धा चेहरा ठणकत होता. पाण्याचा घोटसुद्धा घेववेना, तेव्हा बायकोने मला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

दातांची डॉक्टर आमच्या मुलीच्या वयाची होती. तिने एक बारीक, खुणा केलेली सळई दात आणि हिरडीच्या मधे घातली आणि आकडे सांगत गेली. मदतनीस लिहून घेत होती. तीन, तीन, चार, सहा. माझा जन्म आकडे मोजण्यात गेला, चार मात्रा, आठ मात्रा, त्यामुळे मी ऐकत राहिलो. पुढच्या दातांपाशी ती सात म्हणाली, मग दहा. मी बोट वर करून विचारलं, किती बरे असतात? ती म्हणाली, तीन मिलिमीटर खोलीपर्यंत. त्यापुढे दाताभोवतीचं हाड झिजलेलं असतं.

मग तिने वर दिसणारा दोरा कापला, चिमटा घेतला आणि हिरडीखालून काहीतरी ओढलं. ते येतच राहिलं. काळपट, मेणचट दोरा. त्याच्यामागे दुसरा. तिने दोन्ही कापसावर ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिली. मी सगळं सांगून टाकलं. दात मुळाकडे निमुळता होत जातो, ती म्हणाली, त्यामुळे दोरा घसरत घसरत आत जातो आणि उरलंसुरलं हाड खातो. मी गिळला असं समजत होतो, तो आत बसून माझा दात सोडवत होता.

"काका, रक्त येत होतं तिथेच घासायचं होतं," ती म्हणाली. "अलगद, पण रोज. हिरडी रक्ताने सांगत होती की इथे घाण साठलीय."

तिने सरळ सांगितलं. डावा दात काढावा लागेल. उजवा वाचेल की नाही, सांगता येत नाही. मुळापर्यंत साफ करून, मागून बारीक तार चिकटवून बघू. साखर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात, म्हणून रक्तातली साखर तपासायची. आणि तीन आठवडे क्लॅरिनेट तोंडाला लावायचं नाही. मी तिला विनवलं, कार्यक्रम होईपर्यंत राहू दे, नंतर सगळे काढ. हात जोडले. ती म्हणाली, तोपर्यंत हा शेजारच्यालाही घेऊन जाईल. मी खुर्चीवरून उठलो आणि गळ्यातला कागदी रुमाल तसाच ठेवून बाहेर आलो.

बायको बाकावर बसली होती. मी म्हटलं, चल घरी. ती उठली नाही.

"आठ वर्षं मी भिंतीकडे तोंड करून झोपते," ती म्हणाली. "तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मीही बोलले नाही. तुमच्या तोंडाला वास मारतो, हे नवऱ्याला कसं सांगायचं? तेव्हा बोलले असते तर आज दोन्ही दात असते. आता बोलते. आत जा."

मी आत गेलो.

बधिर केल्यावर दात काढताना काहीच दुखलं नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. एकतीस वर्षं ज्याने मला धरलं तो पिकल्या फळासारखा हातात आला. पुढचे दोन आठवडे डॉक्टर एकेक बाजू घेऊन मुळं खरवडत राहिली. घरी आल्यावर मी कपाटातल्या पेटीकडे बघायचं टाळायचो. एकदा बायको बाहेर गेल्यावर पेटी उघडली आणि नुसत्या बोटांनी सगळी चार मिनिटं वाजवली, तोंडाला न लावता. बोटं कुठेही चुकली नाहीत. मग मी रडलो, कपाटाच्या दाराआड, म्हाताऱ्या माणसाला शोभणार नाही इतक्या मोठ्याने.

कार्यक्रमाला दहा दिवस असताना मास्तरांपुढे उभा राहिलो. दाताच्या जागी खिंडार, म्हणून वरचा ओठही दुमडून त्यावर माउथपीस धरलं. अशी पकड काही जण धरतात, पण ती जमायला वर्ष लागतं. बारा मात्रा वाजवल्या. तेराव्या मात्रेला ओठ सुटला. मी पुन्हा सुरुवात केली. सातव्यालाच सुटला. तिसऱ्यांदा मास्तरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"दुसरी खुर्ची घेशील का रे? खालचे सूर, लांब लांब. तेवढे निघतील तुझे."

त्या खुर्चीवर बसणाऱ्यांना मी आयुष्यभर हमाल म्हणत आलो होतो. मास्तरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणालो. घासाघीस करण्याइतकीही ऐपत माझ्याजवळ उरली नव्हती.

सभागृहात ती चार मिनिटं लांब्याने वाजवली. बरी वाजवली. मी शेजारी बसून चार सूर धरून ठेवले. टाळ्या त्याला मिळाल्या, आणि तो माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, तुमचीच आहेत ही मिनिटं." मला ते कौतुक नको होतं, मला ती मिनिटं हवी होती.

आता तालमीच्या मधल्या सुट्टीत मी नळाशी जातो. बाटली घासायच्या ब्रशासारखा, पण काडीएवढा ब्रश असतो, तो दातांच्या फटींतून एकेक करून फिरवतो. ट्रंपेटवाला रोज विचारतो, गटार तुंबलं का? मी तोंडातला फेस न सांडता मान हलवतो. दात गेल्यावर बायकोकडून वाचायला शिकलो, तेव्हापासून खिशात एक चिठ्ठी असते, कुठल्या फटीत किती वेळा ते लिहिलेली. एकही फट चुकवत नाही. तारेने बांधलेला उजवा दात अजून किंचित हलतो. जिभेने मी तो दिवसातून शंभर वेळा चाचपतो आणि दर वेळी वाटतं, चाचपायला नको होतं.

येत्या मंगळवारी डॉक्टर पुन्हा मोजणार आहे. मागच्या वेळी तिथे सात होते. पाचावर आले तर दात राहील, आणि दात राहिला तर वर्षभरात पकड जमेल असं मी धरून चाललो आहे. आठ झाले तर ती काढायला सांगेल. मी बायकोला म्हटलं, तू बाहेर थांबू नकोस, या वेळी आत चल. भीतीने मला आकडा ऐकू यायचा नाही, तू ऐक.