तांदळाच्या दाण्याएवढे डावीकडे

पडद्यावर एक लहानसा चौकोन आहे आणि त्यात अधिकचे एक चिन्ह. मला कोणाचा हात लागलेला नसेल, तर ते चिन्ह चौकोनाच्या मधोमध थांबायला हवे. ते थांबत नाही. तांदळाच्या दाण्याएवढे डावीकडे सरकते, आणि तिथेही स्वस्थ बसत नाही; बारीक थरथरत राहते.

मित्रांनो, ते चिन्ह माझी जागा दाखवते. मी एक जुनी जॉयस्टिक आहे. संगणकावर विमान उडवायचा खेळ असतो ना, त्यात विमान वळवायला आणि वर-खाली न्यायला माझा दांडा धरतात. दांड्यावर तर्जनीपाशी एक बटण आहे. ते दाबून बोलले, की आपापल्या घरी बसून सोबत उडणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाते.

मी कुठल्याशा दूरच्या कारखान्यात तयार झाले. तिथे एका माणसाने माझा दांडा चारी बाजूंना वाकवून सोडून पाहिला. दर वेळी तो ताठ मधोमध आला. माणूस मान हलवून हसला, आणि मी खोक्यात गेले. खोके उघडले ते गडमुडशिंगीत. कोल्हापूरचा विमानतळ या गावाच्या उशाला आहे. गोठ्यावरून विमान उतरते, तरी म्हशी रवंथ थांबवत नाहीत. मला अभिरामने आणले होते. त्याने मला खूप वापरले, घामेजल्या हातांनी, ओढून-ताणून. मी दर वेळी मधोमध येत होते.

मग अभिराम नोकरीसाठी पुण्याला गेला. त्याच्या आईने, म्हणजे माईंनी, मला जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले. "लेकराची वस्तू हाय, जपाय पायजे," म्हणाल्या. पुढे माझ्यावर पेंडीचे पोते आले. दांडा डावीकडे कलला आणि तसाच दबून राहिला. आतली स्प्रिंग त्या अंगाला बसली. मित्रांनो, वापरल्याने माझे काही बिघडले नव्हते. जपल्याने बिघडले.

मला खाली काढले क्रांतीने. ती अभिरामची धाकटी बहीण, पदार्थविज्ञान शिकलेली. तिने माझे सरकणे मोजले, तेवढे सोडून द्यायला संगणकाला सांगितले आणि म्हणाली, "असू दे. एवढं चालतंय." तेव्हापासून आमचे चांगले चालले आहे.

चांगले, पण शांत नाही. क्रांती एका परीक्षेत निवडली गेली होती. विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानांना वाट सांगायची नोकरी; पण नेमणूक दिब्रुगडला, आसामात. निवड कळली तेव्हा तिचा हात माझ्यावर होता. तो गार पडला. घरी तिने सांगितले, निकाल लागायचाय. कारण अभिराम गेला त्या दिवशी माई म्हणाल्या होत्या, "एक गेलं. एक तरी डोळ्यापुढं ऱ्हाऊ दे."

मग तिने स्वतःला दुसऱ्याच कामात गुंतवले. खेळात मित्रमैत्रिणींना घेऊन देखावे बघत उडायचे. गावाजवळच्या उजळाईवाडी विमानतळावरून उड्डाण, रंकाळा, पन्हाळा, राधानगरीचे धरण, आंबोलीचा घाट, आणि वेंगुर्ल्याच्या समुद्रावर खरा सूर्यास्त. वेळही खरी, हवाही खरी, असा नियम. आखणी सरळ होती.

पण सोबत सयाजी होता. इचलकरंजीचा, तो बोलायला लागला की पाठीमागे यंत्रमागांचा खडखडाट आधी ऐकू यायचा.

"आमच्या गावावरनं न्हाय व्हय घेत? आम्ही काय पाप केलंय?"

"अरे, ते उलट्या दिशेला हाय."

"विमानाला कुठं आलीय उलटी दिशा? वळव की."

क्रांतीने वळवले. मग आजऱ्याची स्वप्नाली म्हणाली, त्यांच्या काजूच्या कारखान्यातल्या सगळ्या बायका पडद्यासमोर बसणार आहेत, तेव्हा आजऱ्यावर दोन घिरट्या तरी हव्यात. आणि चहा घेऊन आलेल्या माईंनी नकाशावर बोट ठेवले.

"ह्ये मलकापूर न्हवं? तुझ्या मावशीचं घर. पावण्यांच्या दारावरनं तोंड चुकवून जाऊ नये बाई. एक वेढा घाल."

"माई, मावशीला कसं दिसणार?"

"तिला न्हाय दिसणार. मला कळंल की."

तोही वेढा आला. क्रांती कोणालाच नको म्हणत नसे. नकाशावरची रेषा गुंतलेल्या लोकरीसारखी झाली, आणि दर रविवारी उड्डाण पुढच्या रविवारवर गेले. मला ते टांगणीला राहणे सहन होत नव्हते. ती बोलायचे म्हणून माझे बटण दाबायची आणि काही न बोलता सोडून द्यायची.

अखेर एका रविवारी दुपारी आम्ही उडालो. नोकरीचा होकार कळवायला दुसरा दिवस शेवटचा होता. इचलकरंजीवर सयाजीने इतका वेळ घेतला, की पन्हाळ्यावर उन्हे कलली. माई शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. मलकापूरला वेढा घातला तेव्हा त्यांनी पदर सारखा केला, मावशी खरोखरच बघत असल्यासारखा. राधानगरीचे पाणी तांबडे दिसू लागले. क्रांतीने बटण दाबले, सोडले. पुन्हा दाबले, सोडले.

"कोण हाय ते नुसतं टिकटिक करतंय?" सयाजी म्हणाला. "बोला की पावणं, लाजताय काय?"

"सूर्य बुडायला लागलाय," क्रांती म्हणाली. "आजऱ्यावर फिरलो तर समुद्रावर अंधारच."

"म्हणजे आमच्यापाशीच आल्यावर वेळ संपला होय गं?" स्वप्नाली म्हणाली. "हिथं बायका कामं टाकून बसल्यात."

"मग समुद्र राहू दे," क्रांती हळूच म्हणाली. तिची पकड ढिली झाली. तिच्या हाताच्या भाराने मी दाण्याहून जास्त डावीकडे कलले. विमान कलू लागले, तरी तिच्या लक्षात आले नाही.

माईंच्या आले. "क्रांते, समुंदर कुणाचा गं?"

"म्हणजे?"

"इचलकरंजी त्याची, आजरा हिचा, मलकापूर माझं. समुंदर तुझा न्हवं? त्योच का सोडतीयास?"

 माई पडद्याकडेच बघत होत्या. "महिना झाला, घास घिऊन नुसती बसतीयास. म्हशीबी वळकत्यात की. कुठं जायाचंय तुला?"

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू फडक्यात गुंडाळून ठेवलेली असेल, तर तिला बाहेर काढा, हाताळा. तिचे कोपरे झिजू द्या. जपणे म्हणजे पोत्याखाली ठेवणे नव्हे. मला एवढेच मागायचे होते. माझ्यावरचा हात तेव्हा घट्ट झाला म्हणून आठवले.

तिने मला मधोमध आणले. विमान सरळ झाले, नाक पश्चिमेला. तर्जनी बटणावर आली, बटण दबले, आणि या वेळी दबलेलेच राहिले. इचलकरंजीचे माग, आजऱ्याच्या बायका, शेजारी माई, सगळे ऐकत होते.

"माई, निकाल लागलाय. आसामात नोकरी हाय, दिब्रुगडला," क्रांती म्हणाली. "मी जाणार."