कोऱ्या पट्टीचा धनी

मित्रांनो, मी एक जुना, थेंबभर उरलेला पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा आहे. प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये नखाएवढ्या कुपीत राहतो. शेजारच्या खाचेत ती राहते, अँटिबॉडी. आधीच सांगून टाकतो, मी तिच्यावर जळतो.

पेशीत एक एन्झाइम असते. बाहेरचा निरोप आत पोहोचवणे हे त्याचे काम. त्याच्या शेपटाचा तुकडा पाहून यंत्राने मण्यामागून मणी ओवावा तसे मला घडवले. माझी भावंडे एका सशाला टोचली. त्या परक्या पाहुण्यांना पकडायला सशाच्या रक्तात जी तयार झाली, ती ही बाई. म्हणजे हिचा जन्मच आमच्या घराण्यामुळे! पण हिने कधी त्याचा उच्चार केला असेल तर शपथ.

तिचे काम डोळ्यांत भरणारे. पेशींचा अर्क पट्टीवर उतरवतात. ती त्यातले एन्झाइम नेमके शोधते, त्याला घट्ट धरते आणि पट्टीवर ठेवलेल्या फोटो-फिल्मवर तिथे काळीभोर रेघ उमटते. मग सगळे गोळा होतात. माझे काम उलटे. मला तिच्यात आधीच मिसळतात. मी तिचे दोन्ही हात अडकवून ठेवतो, तिला एन्झाइम धरता येत नाही आणि पट्टी कोरी राहते. रेघ गेली, म्हणजे ती खरोखर त्या एन्झाइमचीच होती. पण कोऱ्या पट्टीपाशी कोण गोळा होणार?

आमच्याकडे एक ताई संशोधन करायची. आजारी हृदयात हे एन्झाइम वाढते, असे तिला दिसले होते. शोधनिबंध छापून आला तरच तिची नोकरी टिकणार होती. तिने दोन्ही पट्ट्या केल्या, पण चित्र पानात मावेना. शेजारच्या टेबलावरचा दादा म्हणाला, "ही कोरी कशाला ठेवतेस? काही दिसतच नाहीये हिच्यात. कापून टाक."

तिने कापली. वर मूळ फिल्मही फेकून दिली. अँटिबॉडीची रेघ मात्र ऐटीत मधोमध! उणे वीस अंशांतही माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

निबंध परत आला. ही रेघ दुसऱ्याच कशाची नाही कशावरून, असे परीक्षकांनी विचारले होते.

"अगं, ती कोरी पट्टी तुझी साक्षीदार होती," तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. "तिलाच हाकललंस?"

"पुन्हा करते, मॅडम. पण पेप्टाइड जेमतेम एकदा पुरेल. आणि मागच्या वेळी मी जेवायला गेले, तेव्हा तो बर्फाबाहेरच राहिला होता. बिघडला असेल तर?"

"मग जपून कर. नवा मागवायला आता वेळ नाहीये."

खरे सांगतो, माझ्या मनात पाप आले. मी पकड सैल सोडली तर रेघ राहील, अँटिबॉडी खोटी ठरेल आणि थेट कचऱ्यात जाईल. ताईचेही मग काही खरे नव्हते. ती मुठीत धरून माझा बर्फ वितळवत होती. "बाबा रे, एवढी वेळ सांभाळून घे," म्हणत होती. मला तिची दया आली, तरी आतला जळफळाट जाईना.

मला मिसळले; कुपीच्या तळाशी मी थेंबभरच उरलो. अँटिबॉडीचे हात जवळ आले. ते माझ्याच मापाचे होते. कुठे रुतत नव्हते, कुठे सैल नव्हते. इतकी वर्षे मी रागाच्या भरात ते कधी नीट पाहिलेच नव्हते. सुटावे म्हटले, तरी मला सुटवेना.

फिल्म कोरी आली. ताई रडली, मग हसली. निबंध छापला गेला, तिची नोकरी राहिली. काळ्या रेघेशेजारी माझी कोरी पट्टी तेवढ्याच आकाराची होती. तरी अभिनंदन करताना सगळ्यांच्या तोंडी नाव अँटिबॉडीचेच!

मित्रांनो, ज्यांचे काम दिसत नाही, त्यांनाही जपा. जेवायला जाताना आम्हाला बर्फात ठेवून जा. जागा कमी पडली म्हणून कोरी पट्टी कापू नका.

पण माझ्या जळक्या स्वभावाचा काही भरवसा नाही. काल ताईने अँटिबॉडीच्या पलीकडच्या खाचेत एक नवी कुपी आणून ठेवली. आत नवा पेप्टाइड आहे, हुबेहूब माझ्यासारखा. पुढच्या वेळी तिच्या हातांत तो जाणार.